मनुआजीच्या टाचेवरचा डाग

कल्पना कर, आपण दोघं आगरदांड्याहून दिघीला निघालेल्या फेरीबोटीत उभे आहोत. खाली मोटारी आणि दोन टेम्पो, वर कठड्याला टेकलेली माणसं. भातं कापून झाली आहेत, वारा गार आहे आणि खाडीवर ऊन पसरलं आहे. कठड्याशी जी मुलगी उभी आहे, ती दीक्षा. दिघीच्या आतल्या बाजूच्या एका गावात आरोग्य उपकेंद्र आहे, तिथे ती नर्स आहे. सुट्टी संपवून परत निघाली आहे.

तिच्या शेजारी चष्मा लावलेला एक तरुण आहे. तो तिच्या मनगटाकडे बघतो आहे. तुझ्या लक्षात आलं, तसं तिच्याही लक्षात आलं.

"काय बघताय?" दीक्षाने विचारलं.

"तीळ."

"कधी बघितला नव्हता?"

"बारा हजार बघितलेत."

दीक्षाने त्याच्याकडे नीट पाहिलं. वेडा वाटत नव्हता... शर्टला इस्त्री होती.

"फोटोत," तो घाईने म्हणाला. "हलणारा पहिलाच. कडा सारख्या आहेत, रंग एकच आहे. काळजी करू नका."

"मी करतच नव्हते. आता तुमची करते."

बोट लागली आणि माणसं पांगली. तासाभराने दीक्षाने उपकेंद्राचं कुलूप काढलं, तर पायरीवर तोच बसलेला. हातात तालुक्याचं पत्र, शेजारी एक पेटी.

"तुम्ही?"

"सम्यक. त्वचेच्या तपासणीचं शिबिर... तीन दिवस." तो उठून उभा राहिला. "मॅडम, बोटीवरचं विसरता येईल का?"

"बघू," दीक्षा म्हणाली. विसरण्याचा तिचा विचार नव्हता.

आता सम्यकच्या पेटीत काय होतं ते सांगतो. एक फोन आणि त्याला लावलेलं छोटं गोल भिंग. अंगावरच्या डागावर ते टेकवायचं आणि फोटो काढायचा. मग फोनमधला प्रोग्राम ठरवायचा, की हा डाग साधा आहे की डॉक्टरांनी पाहायला हवा. त्याला हे कसं कळतं? तुला कैरी आणि पाडाला लागलेला आंबा कसा कळतो, तसंच. कोणी व्याख्या सांगितली नाही, दाखवून दाखवून शिकवलं. सम्यकच्या प्रोग्रामलाही हजारो फोटो दाखवले होते, साधे कोणते आणि कर्करोगाचे कोणते ते सांगून. संशय आला की तो फोटोभोवती लाल चौकट काढी. लाल म्हणजे कर्करोगच, असं नाही. डॉक्टरांनी बघायला हवं, एवढंच. असे फोटो संध्याकाळी अलिबागच्या डॉक्टरांकडे जायचे.

पहिल्याच सकाळी वीस जणांचे तळपाय पाहून झाले आणि त्यांतल्या अकरा जणांना लाल चौकट आली. सम्यकचा चेहरा उतरला. दीक्षा मात्र हसायला लागली.

"अहो, हे बिब्ब्याचे डाग आहेत. शेतात काटा मोडला की आमच्याकडे बिब्बा तापवून चटका देतात. काळा डाग राहतो. अख्ख्या गावाच्या पायांना आहे. सगळ्यांना अलिबागला पाठवणार आहात?"

त्या रात्री सम्यकने फोनमध्ये एक नवं बटण केलं, 'बिब्बा'. ते दाबलं की लाल चौकट पुसली जायची आणि फोटो डॉक्टरांकडे जायचा नाही. दाबायचं कधी, ते दीक्षाने सांगायचं. दोघांनाही ही सोय फार आवडली. खरं सांगायचं, तर एका फोनवर दोन डोकी वाकवायला मिळत होती, तेही आवडलं असावं.

दुसऱ्या दिवशी तो शेताच्या बांधावरून घसरला. चष्मा चिखलात गेला. दीक्षाने तो आपल्या ओढणीने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर चढवला... हात काढायला तिला किंचित उशीर झाला.

"दिसतंय का आता?"

"आधीपेक्षा जास्त," सम्यक म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

तिसऱ्या दिवशी मनुबाई आली. गाव तिला मनुआजी म्हणे. सोबत तिची नात भाविका होती, चौथीतली. भाविकाचे आईबाप पनवेलला कंपनीत कामाला. इथे आजीला ती आणि तिला आजी. मनुआजीच्या उजव्या टाचेवर काळा डाग होता. लाल चौकट आली.

"आजी, बिब्बाच ना?" दीक्षाने विचारलं.

"व्हय गो बाय, बिब्बाच. दुसरा काय असनार?"

"पण आजी..." भाविका म्हणाली.

"गप गो. म्याडमला काम हाय."

सम्यकचं बोट बटणावर थांबलं. त्याने दीक्षाकडे पाहिलं. दीक्षा मान डोलावून पुढच्या माणसाला बोलावत होती. त्याने बटण दाबलं.

शिबिर संपलं. तो अलिबागला गेला. रोज रात्री त्याचा फोन येई. काम दोन मिनिटांचं, बोलणं अर्ध्या तासाचं.

आठ दिवसांनी दुपारी भाविका एकटीच उपकेंद्रात आली. तिने टेबलावर एक चिंचोका ठेवला.

"ताई, मी आजीच्या पायांना रोज कोकमतेल लावते. गणपतीत तो डाग या चिंचोक्याखाली झाकायचा. आता झाकत नाही. बाहेर येतो."

"बिब्बा कधी लावला होता?"

"बिब्बा डाव्या पायाला लावला होता. तो डाग गेला पण. आजी विसरते. मी त्या दिवशी सांगत होते..."

दीक्षाने चिंचोका उचलून मुठीत घेतला. मग तिने सम्यकला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं.

"तो फोटो माझ्याकडे आहे," तो हळूच म्हणाला. "मी चारदा उघडून पाहिला. कडा फाटल्यासारख्या आहेत. रंगही दोन आहेत. मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात बिब्बा. मी नाही म्हटलं असतं तर..." तो अडखळला. "तुम्ही परत माझ्याशी बोलला नसतात. मला ते नको होतं."

अशी कबुली दुसऱ्या कुठल्या दिवशी आली असती, तर दीक्षाला गोड वाटली असती.

"फोटो पाठवा. आत्ता," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. अलिबागच्या डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढून तपासला. कर्करोगच होता. त्यांनी मुंबईला पाठवलं. सम्यक गाडी घेऊन आला. मनुआजीला त्याने मांडव्याच्या बोटीत हाताला धरून चढवलं आणि पलीकडे रुग्णालयात नेलं. दीक्षा सोबत होती. कामापुरतं बोलायची, एरवी खिडकीबाहेर बघायची. टाचेचा भाग कापून काढला, मांडीची कातडी तिथे लावली. मग पनवेलहून भाविकाची आई येऊन रुग्णालयात राहिली आणि दीक्षा गावी परतली. डाग किती खोल गेला आहे, पुढे पसरला आहे का, ते अहवाल आल्यावर कळणार होतं. भाविका शेजारच्या सखुबाईंकडे राहिली. रोज संध्याकाळी उपकेंद्रात यायची आणि एकच विचारायची, "अहवाल आला?"

आजी घरी परतली, त्यानंतर पाच दिवसांनी सम्यक अहवालाचा कागद घेऊन आला. आजी ओटीवर पाय उशीवर ठेवून बसली होती. भाविका तिच्या पाठीला टेकून उभी. कागद दीक्षाने वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वरपासून वाचला.

"पूर्ण निघालाय," ती म्हणाली. "कुठे पसरलेला नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, आजी."

"जाऊ की. बोटीत बसाय मिलंल," मनुआजी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

भाविकाने आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

सम्यक अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. पेंढ्याचा वास येत होता. थोड्या वेळाने दीक्षा त्याच्याजवळ आली.

"ते बटण?"

"काढून टाकलं. आमच्या साहेबांना चुकीच्या कबुलीचा कागद लिहून दिला. माझं नाव घालून."

"माझंही घालायला हवं होतं."

"घातलंय."

दीक्षाला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. "लोकांची नावं लग्नाच्या पत्रिकेवर एकत्र येतात. आपली कबुलीच्या कागदावर."

"सुरुवात म्हणून..." तो म्हणाला.

"ऐका. मी हो म्हटलं आणि तुम्हाला नाही वाटलं, तर नाही म्हणायचं. माझ्या तोंडावर. जमेल?"

"आणि तुम्ही बोलणं सोडलंत तर?"

"भांडेन. बोलणं सोडणार नाही."

सम्यकने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तळपायांचे फोटो कोणाकडेच पुरेसे नाहीत. ते या किनाऱ्यावर फिरून गोळा करायचे, असं मी साहेबांना सांगितलंय. वर्ष जाईल. पण ते तर काम झालं... मला तुमच्यासाठीही थांबायचंय, दीक्षा. नाही म्हणायचं असेल तर तुम्हीही म्हणा. माझ्या तोंडावर."

दीक्षा नाही म्हणाली नाही. तिने त्याच्या कोपराला हात लावला आणि तो तिथेच राहू दिला.

"जेवायला थांबणार का मग?" तिने विचारलं.

"थांबतो."

ओटीवरून भाविकाने हे ऐकलं. ती उठली, चुलीपाशी गेली आणि धुऊन ठेवलेल्या तांदळात तिने आणखी दोन मुठी घातल्या.