डावीकडची सीट

ही गोष्ट खरी आहे. जिथे ती घडली, त्या गावच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. विनी माझ्याच वर्गात होती. ती गाडी आजही गावात फिरते. समोरून आली की मी हात करतो...

पण डावीकडे बघत नाही.

तर मुलांनो, एक लाल गाडी डोळ्यांसमोर आणा. चारही चाकांना जोर असलेली, दणकट, जुनी. जपानमधल्या एका डोंगरी गावच्या अग्निशमन दलाची. पुढे तिघांची जागा आणि स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिकेतल्या आमच्या व्हरमाँटमध्ये सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, एवढं लक्षात ठेवा.

विनीच्या आईनं, कोरानं, फोटोत बघून ही गाडी पसंत केली होती.

ऑक्टोबरात कोरा गेली.

डिसेंबरात गाडी आली. कंटेनरमधून, समुद्राचं मीठ अंगावर घेऊन.

विनीचा बाप ऑरिन दिवसभर कोठारात त्या गाडीखाली पडून असायचा. गंजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा. नऊ वर्षांची विनी त्याला पाने-पकडी द्यायची. दोघं बोलत नसत. जेवायला रोज डब्यातलं टोमॅटोचं सूप. त्याला चव आहे की नाही, हेही कुणाला कळत नव्हतं.

रडूसुद्धा येत नव्हतं.

एके दिवशी डावीकडच्या सीटखाली ऑरिनला एक हातमोजा मिळाला. पांढरा, सुती. एकच. जोडीचा कुठेच सापडला नाही. त्यानं तो शेगडीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या सगळ्या काचांवर बर्फ धरला होता...

डावीकडची काच सोडून.

"हीटरमुळे असेल," विनी म्हणाली.

"हीटर इथे आहे," ऑरिन म्हणाला. तो टेबलावर सुटा करून ठेवलेला होता.

त्यानं पुन्हा पाना उचलला.

जानेवारीतला तिसरा शनिवार. सकाळचे दहा. लख्ख ऊन, गुडघाभर बर्फ. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली. ब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून ऑरिननं विनीला घरीच ठेवलं. एकटाच पुलापर्यंत जाऊन परत आला.

अर्ध्या तासानं टपालवाली डॉट दारात आली.

"काय रे ऑरिन, उजवीकडे स्टिअरिंग! अरे, ही तर माझ्या कामाची गाडी. रस्त्याकडेच्या पेट्यांत बसल्या जागेवरून टपाल टाकता येईल. देऊन टाक मला!"

"ब्रेक नीट लागत नाहीत अजून."

"मग नको बाबा. न थांबणारा एक आहे घरी, तेवढा पुरे." डॉट हसली. "पण पाहुणा कुठला आणलास?"

"कुठला पाहुणा?"

"अरे, पुलावर आपण समोरासमोर आलो ना! मी आपला सवयीनं डावीकडच्या सीटकडे बघून हात केला."

आमच्याकडे रस्त्यात कुणीही भेटो, गाडी चालवणाऱ्याला हात करायचाच. नाही केला तर लोक म्हणतात, भांडण झालंय.

"मग?" ऑरिननं विचारलं.

"मग त्यानंही केला. जरा उशिरानं... नुकतंच कुणी शिकवल्यासारखा."

विनीनं मान वर करून कुणाच्या तरी डोळ्यांत पाहिलं. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदाच.

"बाई होती ना, डॉट?" ती पुढे आली. "माझ्या आईसारखी?"

डॉटचं हसू मावळलं.

"नाही गं राणी. काच चमकत होती, तोंड नाही दिसलं. हात तेवढे दिसले. एका हातात पांढरा मोजा होता. दुसरा हात उघडाच..."

"दुसरा हात काय?" विनीनं विचारलं.

"छातीशी धरलेला. गारठल्यासारखा."

ऑरिननं शेगडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोमवारी ही गाडी परत पाठवतो." आवाज चढला नाही की उतरला नाही.

"आईनं घेतलीय ती," विनी म्हणाली.

ती घरात गेली. दाराजवळच्या खुंटीवर कोराचे लाल लोकरी हातमोजे लटकत होते. ऑक्टोबरपासून विनी त्यांना कुणाला हात लावू देत नव्हती. ती बराच वेळ नुसती बघत उभी राहिली.

मग तिनं त्यातला एक काढला.

बाहेर येऊन तो गाडीतल्या डावीकडच्या सीटवर ठेवला. स्वतः मधे, बापाला चिकटून बसली.

"चल."

ऑरिननं ब्रेक दोनदा दाबून पाहिला. मग अगदी सावकाश गाडी काढली.

पुलावर समोरून कुणाची तरी गाडी आली. चालकानं सवयीनं डावीकडे बघून हात केला.

विनीच्या डाव्या बाजूला लोकर घासल्यासारखं काहीतरी वाजलं...

तिनं मान वळवली नाही. बापाकडे आणखी थोडी सरकली आणि शेजारी जागा केली.