दोन टोकांची गाडी

टॅलो स्ट्रीटची लिफ्ट खालीच अडकली आहे, हा फोन आधी आला. लिफ्टवाला खाली मरून पडला आहे, हा नंतर.

रेल्वे पोलिसांतल्या सार्जंट हिल्डा पेनफोल्डने टोस्ट अर्धवट टाकला आणि ती निघाली. ही लंडनच्या भुयारी रेल्वेची सगळ्यात दुर्लक्षित शाखा. मेन लाइनच्या एका स्टेशनातून फुटलेला एक बोगदा, पलीकडे एकच स्टेशन, टॅलो स्ट्रीट, आणि त्यापुढे भिंत. सकाळ-संध्याकाळ कचेऱ्यांच्या वेळी एकच गाडी जायची आणि यायची. उन्हाळ्यानंतर शाखा कायमची बंद होणार होती. उतारू इतके थोडे, की तिकीट खिडकी केव्हाच बुजवली होती. लिफ्टवाला पर्सी डॉकरिल लिफ्टमध्येच स्टुलावर बसून तिकिटं फाडायचा आणि फावल्या वेळात कोण काय चुकतंय ते वर कळवायचा. दोन झाडूवाल्यांची गेलेली नोकरी त्याच्या खाती जमा होती.

तोच आता प्लॅटफॉर्मच्या बोगद्याकडच्या टोकाला, लिफ्टकडे जाणाऱ्या बोळात पालथा पडला होता. डोक्यात मागून घाव. एका टायपिस्टला तो सापडला होता. गाडी सुटून गेल्यावर ती धापा टाकत गोल जिन्याने खाली आली, ती थेट त्याच्यापाशी.

डॉक्टर म्हणाला, जखम लहान पण खोल आहे, जड पितळी वस्तूने झालेली असावी. ही शाखाही सांभाळणाऱ्या मेन लाइनच्या स्टेशनमास्तरने लगेच ओळखलं. ड्रायव्हरचं हँडल. ते बसवल्याशिवाय गाडी हलत नाही. शेवटच्या स्टेशनात गाडी वळत नाही, माणसं वळतात. ड्रायव्हर हँडल काढून घेतो, प्लॅटफॉर्मभर चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि तिथे बसवतो. गार्ड उलट दिशेने चालत मागच्या टोकाला येतो.

"गाडीला हँडल एकच," स्टेशनमास्तर म्हणाला. "आणि ते कथबर्ट गिटन्सच्या खिशात आहे."

मेन लाइनच्या स्टेशनात, गाडीशेजारच्या खोलीत दोघांना बसवलं होतं. गिटन्स बार्बाडोसचा, डोक्यावर लोकरीसारखे पांढरे केस, निवृत्तीला टेकलेला. बायको गेल्यापासून एकटा. गार्ड फर्गल क्विगली आयर्लंडचा, त्याच्याहून बराच तरुण. शाखा बंद झाली की त्याला मेन लाइनवर ड्रायव्हर करणार होते. कागद मंजूर होऊन आला होता.

क्विगलीने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"चहा आहे की समुद्रकिनारा?" तो पुटपुटला, दातांत काहीतरी कचकचलं म्हणून. बाही झटकली.

गिटन्सच्या कपातला चहा स्वच्छ होता. हिल्डाने हेही मनात टिपून ठेवलं. तिला माणसांचा जमाखर्च मांडायची खोड होती.

"टॅलो स्ट्रीटला काय झालं?"

"रोजच्यासारखं, बाईसाहेब," क्विगली म्हणाला. "गाडी भिंतीपाशी लागली. मी बोगद्याच्या टोकाला होतो, गिटन्सबाबा भिंतीच्या टोकाला. मग अदलाबदल. मधोमध आम्ही एकमेकांना ओलांडलं. पर्सी तेव्हा बोळाच्या तोंडाशी उभा होता, जिवंत. बाबा तिकडेच गेले."

"तुम्ही मागे वळून पाहिलंत?"

"कशाला पाहू? वीस वर्षं तोच माणूस जातोय."

हिल्डा गिटन्सकडे वळली. "हे खरं आहे?"

म्हाताऱ्याने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"फर्गल म्हणतो तसंच," तो म्हणाला.

"पर्सी बोळाच्या तोंडाशी दिसला?"

"नाही."

"मग तो खोटं बोलतोय?"

"मी तसं नाही म्हणालो, पोरी."

त्याने खिशातलं हँडल काढून तिच्यासमोर ठेवलं. त्याच्या हँडलवर रक्ताचा डाग नव्हता. पुसलं असणार, स्टेशनमास्तर म्हणाला. वरून फोनवर फोन येत होते. दुपारपर्यंत गिटन्सवर खुनाचा आरोप ठेवायचं ठरलंच होतं. कोणाला कळवायचं का, असं हिल्डाने विचारलं, तेव्हा त्याने विचार केला आणि क्विगलीचंच नाव सांगितलं.

हिल्डा गाडीत शिरली. टॅलो स्ट्रीटला भिंतीच्या टोकाला असणाऱ्या केबिनमध्ये विणलेली उशी होती, आल्याच्या चहाचा थर्मास होता, गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास होता. मग ती डबे ओलांडत बोगद्याच्या टोकाच्या केबिनमध्ये गेली. तिथे पेपरमिंटचे कागद, घोड्यांच्या शर्यतींचं पान आणि काचेच्या कोपऱ्यात आयर्लंडच्या संत पॅट्रिकचं चित्र. आल्याच्या वासाचा मागमूस नव्हता.

ती उतरली आणि गिटन्सला म्हणाली, जरा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवा. तो चालला. भिंतीला हात लावत, मध्ये दोनदा थांबत. स्टेशनमास्तरला तिने विचारलं, ही शाखा वेळेच्या बाबतीत कशी आहे? तो छाती फुगवून म्हणाला, परतीची गाडी कधी उशिरा सुटली नाही.

गाडी जिथे थांबली होती तिथे, बोगद्याच्या टोकाच्या केबिनसमोर, आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या. त्यांवर वर्षानुवर्षांची धूळ. एकीवरची मात्र विस्कटली होती. हिल्डाने बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

परत आली तेव्हा तिच्या मुठीत रुमालात गुंडाळलेलं दुसरं हँडल होतं.

"मिस्टर गिटन्स," ती म्हणाली, "तुम्ही टॅलो स्ट्रीटला प्लॅटफॉर्मवर शेवटचे कधी चाललात?"

त्याने गुडघ्यावर हात ठेवला.

"मग मीच सांगते. तुमचे गुडघे गेले, तेव्हापासून नाही. तुम्ही आपल्या टोकाला बसून राहता, क्विगली आपल्या टोकाला. जाताना तुम्ही चालवता, हे गार्ड. येताना हे चालवतात, तुम्ही गार्ड. म्हणून उशी, थर्मास एकाच केबिनमध्ये. म्हणून इतक्या दुखऱ्या पायांचा माणूस कधी उशीर करत नाही. पण हँडल तर एकच, आणि ते तुमच्याकडे. मग येताना क्विगली गाडी कशाने हलवायचे? दुसरं असायलाच हवं. कुठल्याशा भंगारात काढलेल्या गाडीचं असेल."

क्विगली उठू लागला. दारातल्या शिपायाने त्याला खांद्याने परत बसवलं.

"पर्सीला हे कळलं," हिल्डा म्हणाली. "तो वर सांगणार होता. तुमचं काय, मिस्टर गिटन्स, तुम्ही घरी जायलाच निघालात. पण विनापरवाना गाडी चालवणाऱ्या गार्डला मेन लाइनवर कोण बसवणार? पर्सी बोगद्याच्या टोकाला होता. त्या टोकाला माणूस एकच होता. यांनी त्याच हँडलने घाव घातला, त्याच हँडलने गाडी इथवर आणली, आणि उतरल्या उतरल्या ते वाळूत खुपसलं. बाहीत वाळू राहिली. ती चहात पडली."

"पण बाबांनीच कबूल केलंय की आम्ही एकमेकांना ओलांडलं," क्विगली म्हणाला. आवाज घोगरा होता.

"हो. तुमची चूक झाली ती इथेच; हे गुडघे वेळेत प्लॅटफॉर्मभर चालू शकत नाहीत. तुम्हाला माहीत होतं, हे नियम मोडल्याचं बोलणार नाहीत, कारण त्यात तुमचंही नाव येईल. तुम्ही त्यांच्या चांगुलपणावर कर्ज काढलंत."

गिटन्सने पहिल्यांदा वर पाहिलं.

"फर्गलने माझ्या गुडघ्यांसाठीच सुरू केलं होतं हे," तो म्हणाला. "म्हणाला, बाबा, तुम्ही बसा. मला वाटलं, आजही मला वाचवण्यासाठीच ओलांडल्याचं सांगतोय."

क्विगलीने त्याच्याकडे पाहिलं नाही. शिपाई त्याला घेऊन गेले तेव्हाही नाही.

खोलीत दोघंच उरली. हिल्डाने विचारलं, त्या सकाळी तुम्हाला खरंच काही कळलं नाही?

"एका गाडीत असलो तरी आम्ही भेटायचो कुठे?" गिटन्स म्हणाला. "तो त्या टोकाला, मी या टोकाला. मधे रिकामे डबे. बोलायचं ते घंटीनेच. मी दोन ठोके द्यायचो, की निघ. तो निघण्याआधी एक उलट द्यायचा. नियमात नाही तो. तेवढाच आमचा."

"आणि आज?"

"आज दोन दिले. गाडी हलेना. पुन्हा दोन दिले. मग हलली, पण त्याचा ठोका आला नाही." त्याने थंड झालेला कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "सगळ्या बोगद्यात मी एवढाच विचार करत होतो, की माझं काय चुकलं म्हणून हा रागावलाय."

संध्याकाळच्या फेऱ्या रद्द झाल्या. गाडी कारशेडला न्यायला दुसरा ड्रायव्हर आला. गिटन्सने त्याला आपलं हँडल दिलं, केबिनमधली उशी आणि थर्मास काढून घेतला. उतरताना क्षणभर थांबून त्याने घंटीचं बटण दोनदा दाबलं. पलीकडच्या टोकाला ती वाजलेली हिल्डाला प्लॅटफॉर्मवर ऐकू आली.

तो जरा वेळ थांबला. मग भिंतीला हात लावत जिन्याकडे निघाला.