दोन्ही पायांवरची रेघ

परिचारिकेनं पट्ट्या सोडल्या आणि फेम्के पुढे वाकली. पलंगावरच्या हेंड्रिनाच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता.

"तो वाचणार नाही," परिचारिका हलक्या आवाजात म्हणाली.

फेम्के पेडिक्युअर करणाऱ्यांच्या संघटनेकडून चौकशीला आली होती. तक्रार अशी, की संघटनेतल्या अनलीसनं नखाजवळची कातडी कापली आणि मधुमेही हेंड्रिनाची जखम चिघळली. आरोप खरा ठरला, तर अनलीसचा परवाना जाणार होता.

अनलीस आपली पेटी छातीशी धरून दाराजवळ उभी होती. झुटफेन या डच गावातल्या या घरी ती कित्येक वर्षं येत होती. आधी कॉफी, सोबत एकच बिस्किट, मग पाय.

"हेंड्रिनाबाई, कातडी कुणी कापली?" फेम्केनं विचारलं.

"अनलीसनं. सांगितलं ना एकदा." हेंड्रिना खिडकीबाहेर बघत होती.

"तेव्हा दुखलं?"

"या पायांना काही कळतं का आता! टाचणी टोचली तरी पत्ता लागत नाही."

फेम्केनं अनलीसची पेटी उघडली. चिमटे, मलम आणि निळा दोरा बांधून वेगळी ठेवलेली नखं घासायची एक कानस.

"पाय भिजवायचा टब?"

"मी पाय भिजवतच नाही. अशा पायांची कातडी भिजली की चटकन फाटते. नखाभोवती तर मी कात्री नेतच नाही."

फेम्के पुन्हा पायांकडे वळली. दोन्ही घोट्यांवर, अगदी सारख्या उंचीवर, लाल रेघ होती. तिच्या खाली कातडी सोलवटली होती. नखांना गुलाबी रंग होता.

"हा रंग तुमचा?"

"छे! नखच दिसलं नाही, तर आजार कसा दिसणार?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकाच्या ओट्याशी हेंड्रिनाची मुलगी रेन्स्के कप विसळत होती. हातात जाड रबरी मोजे.

"हातांना पाणी सोसत नाही," ती हसून म्हणाली. "शनिवारी माझं नेल पार्लर उघडतंय. सोललेले हात दाखवू का गिऱ्हाइकांना? अनलीस मावशी, बसा ना."

"सराव कुणावर केलास, रेन्स्के?" फेम्केनं विचारलं.

कप हातातच राहिला.

"कात्री एका जागी लागते," फेम्के म्हणाली. "ही रेघ दोन्ही पायांवर, एकाच पातळीत आहे. पाय कढत पाण्यात बुडवले होते. अनलीसबाई भिजवत नाहीत, रंगवत नाहीत. तू दोन्ही केलंस, आणि मऊ झालेली कातडीही कापलीस. आईच्या पायांना जाणीव नाही, तुझ्या हातांत मोजे. पाणी पोळतंय हे दोघींपैकी कुणालाच कळलं नाही."

"मी मुद्दाम नाही केलं!" रेन्स्के रडू लागली. "आईचे लाड करायचे होते."

"पोळलं ते चुकून," अनलीस म्हणाली. "आणि माझं नाव घेतलंत ते?"

रेन्स्केनं आईकडे पाहिलं. "ते आईनं सुचवलं."

हेंड्रिनानं आता कुठे मान वळवली. "मुलगी आहे माझी. तिचं पार्लर उघडण्याआधीच बंद पडलं असतं. तुझं काय, आणखी गिऱ्हाइकं मिळतील."

"गिऱ्हाइकं," अनलीस स्वतःशीच म्हणाली.

तिनं निळ्या दोऱ्याची कानस काढून हेंड्रिनाच्या पांघरुणावर ठेवली.

"ही तुझी. दुसऱ्या कुणाच्या पायाला मी कधी लावली नाही."

आणि कॉफी न घेताच ती निघाली.