कोरी चिप

"माझ्या मुलीनं प्रोजेक्ट विकत आणलेलं नाही. एवढं सिद्ध करून द्या."

कृष्णराव जगतापांनी हे बसायच्या आधीच, दारातून सांगून टाकलं. डोळ्यांवर काळा चष्मा, कपाळ आणि गाल उन्हात करपल्यासारखे लाल. मे महिन्यातलं देवास. मानाजीला त्यात काही नवल वाटलं नाही. त्याने पंखा त्यांच्याकडे वळवला.

"डोळ्यांना काय झालं?" सुभद्राताईंनी विचारलं.

"आलेत. काल सकाळपासून वाळू गेल्यासारखे टोचताहेत."

"मग उन्हात कशाला फिरता?"

"रिटायर माणूस मी, कुठे फिरणार? आठवड्यात आज पहिल्यांदा उंबरा ओलांडला."

सुभद्राताई विमा कंपनीतली नोकरी सोडून खाजगी तपास करीत. मानाजी त्यांची स्कूटर चालवी आणि संशयही घेई, बहुतेक वेळा चुकीच्या माणसाचा.

हकीकत साधी होती. कृष्णरावांची अल्पना इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नळाला पाणी आलं की मोटर आपोआप चालू करणारं यंत्र तिने बनवलं होतं. परवा रात्री ते घरी झकास चाललं. काल परीक्षकांसमोर मात्र ढिम्म हललं नाही. चिप तपासली, तर आत प्रोग्रामच नाही! विभागप्रमुखांनी तर्क लढवला की पोरीने बाजारातून नुसता सांगाडा आणलाय. आज चार वाजता कमिटी बसणार होती. तिथे ठपका बसला की डिग्री गेली, आणि बंगलोरला मिळालेली नोकरीही गेली.

कॉलेजात विभागप्रमुख सरांनी चिप दाखवली. तिच्या पाठीवर मोठी मरून टिकली चिकटवलेली होती.

"बाकी बच्चे टेप लगाते हैं, यहाँ शृंगार है," सर हसले. मानाजीही हसला. सुभद्राताईंनी टिकली नखाने उचलून पाहिली. गोंद जुनाट, कोरडा होता.

बाहेर अल्पनाचा प्रोजेक्टमधला जोडीदार स्वानंद भेटला. बंगलोरवाल्यांनी त्याला घेतलं नव्हतं, हे कळल्याबरोबर मानाजीचे कान टवकारले.

"टिकली कशासाठी?" ताईंनी विचारलं.

"चिपला काचेची खिडकी असते ना भिया... सॉरी, ताई. तिच्यावर अल्ट्राव्हायोलेट ट्यूबचा उजेड पाडला की प्रोग्राम पुसला जातो. म्हणून झाकतो. अपने कॉलेज में उसकी पेटी है, पण ती सरांच्या कपाटात, लॉक में. पेटी बंद असल्याशिवाय ट्यूब पेटतच नाही. डोळ्यांना खराब असते."

"परवा तू अल्पनाकडे होतास?"

"नऊपर्यंत. तेव्हा मोटर मस्त चालू होती. काल सकाळी मीच बाइकवर यंत्राचा डबा घेऊन गेलो, ती मागे बसली होती."

"हाच!" मानाजी स्कूटरला किक मारत पुटपुटला.

घरी अल्पनाने पाणी दिलं. रडून तिचा आवाज बसला होता. कपाळावर बारीक काळी टिकली होती.

"पाणी उकळून गार केलेलं आहे हं. फिल्टर परवा रात्रीपासून बंद आहे. बाबांनी खोललाय, कारखान्यातली सवय जात नाही."

"चिपवर टिकली तूच लावलीस?"

"हो, माझ्याच पाकिटातली. ही असली."

भिंतीवर तिच्या आईची तसबीर होती. प्रसन्न चेहरा, कपाळावर मोठी मरून टिकली. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

सुभद्राताईंनी स्वानंदलाही बोलावून घेतलं. सगळे बसल्यावर त्या म्हणाल्या, "चिप पुसली गेली ती याच घरात, परवा रात्री. कॉलेजातली पेटी कुलपात होती आणि सकाळी डबा अल्पनाच्या नजरेसमोर होता. पुसायला काळी टिकली काढावी लागली. ती पुन्हा चिकटेना, म्हणून पुसणाऱ्याने हाताशी होती ती लावली. मरून, जुन्या गोंदाची. गेलेल्या बायकोचं टिकल्यांचं पाकीट कोण जपून ठेवतं, मानाजी?"

मानाजीची नजर स्वानंदवरून भिंतीवरच्या तसबिरीकडे गेली.

"पाण्याच्या फिल्टरमध्ये तीच अल्ट्राव्हायोलेट ट्यूब असते. फिल्टरमध्ये ती पोलादी नळीत झाकलेली असते. चिपवर धरायची तर बाहेर काढावी लागते. उघडी ट्यूब पेटवून जवळ बसणाऱ्याचे डोळे दुसऱ्या सकाळी वाळू गेल्यासारखे टोचतात आणि घरात बसल्या जागी चेहरा करपतो. कृष्णराव, डोळे आलेले नाहीत तुमचे."

कृष्णरावांनी चष्मा काढला. डोळे लालभडक होते.

"मला वाटलं, एक परीक्षा हुकेल," ते कसेबसे म्हणाले. "बंगलोर टळेल. इथेच कुठे तरी शिकवील, पुढे पास होईल. यंत्राला ओरखडाही पडू दिला नाही मी. पण तिला ते लबाड म्हणतील, हे ध्यानातच आलं नाही हो! म्हणून तर तुमच्याकडे धावलो."

"म्हणजे आळ निघावा, पण तुमचं नाव निघू नये. कमिटीला मी सांगू, की तुम्ही?"

कृष्णराव उठले. पायांत चपला सरकवताना त्यांचा तोल गेला, तेव्हा अल्पनानेच हात दिला.

कमिटीपुढे ते उभ्यानेच सगळं बोलले. सरांनी फ्लॉपीवरचा प्रोग्राम पुन्हा चिपमध्ये भरून घेतला, अल्पनाला ओळ न् ओळ विचारली. मोटर सुरू झाली, तेव्हा पहिली टाळी सरांचीच होती. इतका वेळ स्वानंदकडे संशयाने पाहिल्याबद्दल मानाजीने त्याला कचोरी खाऊ घातली.

कॉलेजच्या फाटकाशी कृष्णराव मुलीची वाट पाहत उभे होते. तिच्याकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

"बाबा," अल्पना म्हणाली, "तुम्ही नुसतं थांब म्हटलं असतंत ना, तर मी थांबले असते."

कृष्णरावांनी मान वर केली.

"आता नाही थांबणार," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून रस्ता ओलांडू लागली.