शेवटची पानं कुणी कापली?

"पुन्हा शेवटची पानं गायब!" ललितानं कादंबरी मच्छिंद्रच्या पुढ्यात आपटली.

म्हाळूनं कपाळाला हात लावला. शिरूरच्या वाचनालयातली आणखी एक रहस्यकादंबरी ऐन सुट्टीत बिनशेवटाची निघाली होती!

मच्छिंद्र मात्र वाचनालयाच्या पायरीवर ऐटीत बसलेला. "गेली तर गेली! या कादंबऱ्यांत हाय काय? नायिका रडती, नायक शीळ घालतो, आन् सगळ्यात गोड बोलतो तोच खुनी! मी लिहीन ना, तवा बघा!"

"आधी चोर शोध, मग लेखक हो!" ललिता म्हणाली.

दुपारी वाचनालय बंद झालं, तसे तिघं मागच्या खिडकीखाली दबा धरून बसले. आत कागद कापल्याचा आवाज! म्हाळू डोकावला आणि ओरडलाच, "आयला, हे तर बापूसाहेब!"

ग्रंथपाल बापूसाहेब ब्लेडनं नव्या कादंबरीची शेवटची पानं कापत होते! आधी ते दचकले, मग ओशाळून हसले.

"शाब्बास, पकडलंत! उद्या पाटीच लावणार होतो, पुस्तक वाचून झालं की शेवट माझ्याकडून मागून न्या म्हणून. काय करू? हा मच्छिंद्र पायरीवर बसून येईल त्याला खुनी सांगतो. लोक पुस्तकं नेईनात. दौंडच्या कोंडिबांनी तर वाचणंच सोडलं."

कोंडिबा म्हणजे ललिताचे आजोबा, पोरांचे आबा. त्यांच्यासाठी ललिता इथूनच पुस्तकं न्यायची. रेल्वेतून निवृत्त झालेले, आता अंथरुणाला खिळलेले. मागच्या रविवारी तिघं त्यांच्याकडे गेले होते. आबांच्या हातात अर्धी वाचलेली कादंबरी बघून मच्छिंद्र बोलून गेला होता, "आबा, मामाच खुनी हाय!" सगळे हसले होते. आबांनी पुस्तक मिटलं होतं, ते त्याला आत्ता आठवलं.

दुसऱ्या दिवशी तो ललितासोबत दौंडच्या एसटीत बसला. पिशवीत नवी कादंबरी, कापलेल्या पानांसकट.

"आबा, मी वाचून दाखवू? शेवट मलाबी म्हाईत न्हाई, आईशप्पथ!"

आबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "हुशार हायेस रं पोरा. पर ऱ्हाऊ दे. आता पान उलटलं की वाटतं, कुणीतरी सांगल. मजाच गेली बघ."

आबा रागावले असते तर बरं झालं असतं, असं मच्छिंद्रला वाटलं.

शिरूरला परतल्यावर जो तो तिघांची पाठ थोपटत होता. "गुप्तहेर आले, गुप्तहेर!" मच्छिंद्र मान खाली घालून घरी गेला.

मोठेपणी त्यानं खरंच कादंबऱ्या लिहिल्या. पहिली छापून आली तेव्हा तो ती घेऊन दौंडला गेला. आबा नव्हते.