खाणीच्या न्हाणीघरात

यातलं काहीही रचलेलं नाही. जर्मनीच्या रूर भागात, आमच्याच गल्लीत राहणाऱ्या डेटलेफ कोवालिकच्या बाबतीत हे घडलं. माणूस थापाड्या नाही.

नोव्हेंबरचा रविवार. दुपारचे तीन.

बंद पडलेल्या कोळसाखाणीचं तिथे आता उद्यान झालंय. डेटलेफ एकोणीस वर्षं त्याच खाणीत उतरत होता. हल्ली दर रविवारी लोकांना तिथले अवशेष दाखवत हिंडतो. घरी एकटाच असतो. ही फेरीच त्याचा आठवडा.

पण महिनाभरात दोन तक्रारी आल्या होत्या. फेरीत लोकांचे कपडे ओले होतात, वाटाड्या भुताचे खेळ करतो म्हणून.

म्हणून त्या दिवशी उद्यानाच्या कार्यालयातली स्वेन्या फेरीत होती. पुन्हा काही झालं, तर डेटलेफची फेरी बंद.

डेटलेफचा संशय हॉर्स्टवर होता. खाणीतला जुना सोबती. त्यालाही वाटाड्या व्हायचं होतं.

तोही आला होता. हात खिशात.

वाटेत स्वेन्या कोळशाच्या डब्याला टेकली. पिवळ्या कोटाची पाठ काळीकुट्ट.

"पाठीवर अख्खी खाण घेऊन निघालीस की, पोरी!" हॉर्स्ट हसला.

"असू दे. पुरावा म्हणून राहील," ती म्हणाली.

मग न्हाणीघर आलं. छताला लोंबणाऱ्या साखळ्या. त्यांच्या आकड्यांना खाणकामगारांचे जुने कपडे. नळ तीस वर्षं कोरडे.

"हॉर्स्ट, पुढे ये. माझ्यासमोर उभा राहा," डेटलेफ म्हणाला.

"का रे? फोटो काढतोस?"

"हात बाहेर काढ."

"आता मास्तरही झालास का?" कुरकुरत त्याने हात काढले.

डेटलेफ लोकांना सांगू लागला, "आपला हात आपल्या पाठीला पुरत नाही. म्हणून शेजारचा तुमची पाठ घासायचा. मग तुम्ही त्याची. मुकादम असो की नवखा, नाही म्हणायचं नाही."

तेवढ्यात...

छप्.

साबणाचा वास आला.

सगळ्यांत मागे, भिंतीपाशी स्वेन्या उभी होती. वैतागून, मान न वळवता म्हणाली, "हॉर्स्ट, पुरे झाला चावटपणा."

"मी इथे आहे," हॉर्स्ट म्हणाला.

समोरून.

स्वेन्या गर्रकन वळली. मागे कोणीच नव्हतं. आणि तिच्या कोटाची पाठ...

स्वच्छ. ओली. कोमट.

खालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

डेटलेफने हॉर्स्टचे तळवे चाचपले. कोरडे. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, कुलूप लावलं.

आतून दबका आवाज आला...

"आता माझी."

डेटलेफ, हॉर्स्ट आणि स्वेन्या, तिघांनीही ऐकलं. हॉर्स्टने हात पुन्हा खिशात घातले.

स्वेन्याने अहवालात लिहिलं, 'वाटाड्याचा दोष नाही.' डेटलेफची फेरी वाचली. न्हाणीघरावरून मात्र तो आता लोकांना घाईने पुढे नेतो.

चार दिवसांनी स्वेन्याचा फोन आला.

"कोवालिकसाहेब... नाही म्हटलं तर काय होतं?"

"ठाऊक नाही. आमच्यात कुणी कधी म्हटलंच नाही."

फोनमध्ये पाण्याची धार ऐकू येत होती.

"आधी तो नळ बंद कर, पोरी."

"बंदच आहे..."