अर्ध्या बॅटरीचे फोन

पनवेलच्या बाजारात वडिलांचं बॅटरीचं दुकान सांभाळणाऱ्या आभाच्या तोंडाचा पट्टा सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होता. त्या सकाळी करंजाच्या कोळीवाड्यातला कुंदन घरच्या इन्व्हर्टरची बंद पडलेली बॅटरी घेऊन आला, आणि त्याच्याही वाट्याला तो आलाच.

"डिस्टिल्ड वॉटर सोडून काय ओतलंत हिच्यात?"

"आईनं ओतलं... बरफाचं पानी. म्हावऱ्याच्या पेटीतलं. इथंच मासली बाजारात बसते ती. बोल्ली, याच्याहून निर्मळ काय हाय?"

आभा रागवायची ती हसलीच. बॅटरीला चक्क सुरमईचा वास येत होता! आणि हा माणूस तिच्या हसण्याकडे असा बघत राहिला, की तिनं उगाच दोन वायरी गुंडाळल्या, पुन्हा सोडल्या.

पंधरा दिवसांनी कुंदन परदेशातल्या एका बंदरावर क्रेनचा इलेक्ट्रिशियन म्हणून गेला. महिन्याभरात तिथं युद्ध पेटलं. बंदर बंद, विमानं बंद, वीज दिवसाला जेमतेम दोन तास, तीही मध्यरात्री. एका दुपारी दुकानाचा फोन वाजला.

"मॅडम, ट्रकची जुनी बॅटरी मिलाली हाय. वायफाय चालंल तिच्यावर?"

आभानं त्याला जोडणी शिकवली, आणि वर दम भरला, "अर्ध्याखाली उतरवायची नाही. जुनी आहे, मरेल. मग मला विचारायचं नाही."

"तुमाला नाय, तर कोनाला विचारू?"

मग रोज दुपारी फोन येऊ लागला. सायरन, शिळा पाव, खिडक्यांना लावलेली चिकटपट्टी... आणि मध्येच, "आज जेवलात काय?" बॅटरी अर्ध्यावर आली की कुंदन तोंडातला शब्द तोडून फोन ठेवायचा. शिष्य गुणी निघाला आणि गुरूच्या जिवाला घोर लागला. त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य आभा दुसऱ्या दुपारपर्यंत मनात पुरं करत बसायची. आपण प्रेमात पडलोय हे तिला कळलं होतं. सांगायचा धीर तेवढा होत नव्हता.

एका दुपारी मात्र त्यानं जेवल्याचं विचारलंच नाही.

"आईनं मुलगी बगितली हाय, रेवसची. आज संध्याकाली पावन्यांना शब्द देनार. मी... काय सांगू तिला?"

आभानं हातातली वायर पुन्हा गुंडाळायला घेतली.

"बोला ना... अर्दी झाली बॅटरी. ठेवू?"

"नको ठेवूस."

"मरंल ती."

"मरू दे! नाही म्हणून सांग त्यांना. मी थांबलेय तुझ्यासाठी... कळत नाही का तुला?"

 पलीकडे तो हसला, रडल्यासारखा. "सांगतो आईला, नाय म्हनून." त्यानंतर दोघं जे बोलत सुटले, त्याला ना शेंडा ना बुडखा. "आभा, मी आलो ना, की—" एवढ्यावर आवाज तुटला.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. आईला फोन करायला त्याच्याकडे बॅटरी उरलीच नव्हती!

दुकान बाबांवर टाकून ती मासळी बाजारात धावली. कुंदनची आई, गोदूबाई, पापलेटं मांडून बसली होती.

"मावशी, कुंदनचा निरोप आहे. रेवसच्या पाहुण्यांना... नाही सांगा."

"त्यो मला नाय, तुला बोल्ला?"

"हो. माझ्याशी बोलता बोलताच बॅटरी संपली त्याची... पार संपली. आता फोन कधी येईल, काही सांगता येत नाही." आभाचे डोळे भरून आले.

गोदूबाईनं तिला नीट न्याहाळलं. हात लुगड्याला पुसले आणि पाटावर सरकून जागा केली.

"बस इथं. आतापरयंत एकलीच वाट बगत व्हते. आता दोगी बगू."